विश्लेषण : परिचारिकांचा ‘बर्नआउट’ ध्यान-योगाच्या शिबिरांनी का जात नाही?

महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांच्या परिचारिका गेल्या काही वर्षांत दोनदा मोठ्या संपावर गेल्या. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतांमार्फत भरती करण्याच्या हालचालींविरोधात आणि जुलै २०२५ मध्ये कंत्राटी भरती व वेतनातील तफावतीविरोधात. दोन्ही वेळी चर्चा झाली ती प्रामुख्याने किती शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या याची. परिचारिका कायमस्वरूपी पदांसाठी इतक्या अडून का बसतात, हा प्रश्न संप मिटल्यावर मागे पडला. त्याच वेळी अनेक रुग्णालयांत ‘ताणतणाव व्यवस्थापन’ या विषयावरची व्याख्याने आणि शिबिरे मात्र वाढली आहेत. परिचारिकांना थकवा येतो हे आता सर्वांनाच मान्य आहे. मतभेद आहे तो त्यावर उपाय कुठे करायचा याबद्दल. परिचारिकेच्या मनावर की तिच्या ड्युटीच्या तक्त्यावर?

बर्नआउट म्हणजे नेमके काय?

‘बर्नआउट’ हा शब्द कामाच्या संदर्भात रूढ झाला तो १९७० च्या दशकात. न्यूयॉर्कमध्ये मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये आपल्या सहकाऱ्यांची अवस्था सांगण्यासाठी तो वापरला. सुरुवातीला झपाटून काम करणारी माणसे काही महिन्यांत रिकामी झाल्यासारखी दिसतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्यासाठी २२ विधानांची प्रश्नावली तयार केली. आजही जगभरातील परिचारिकांवरचे बहुतांश अभ्यास तीच वापरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली. ही आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात बर्नआउटची तीन लक्षणे दिली आहेत. पहिले, शक्ती संपल्याची भावना. दुसरे, कामापासून मनाने तुटणे, कामाबद्दल कडवटपणा येणे. तिसरे, आपल्या हातून काम नीट होत नाही, असे वाटू लागणे.

या नोंदीतील एक बाब महत्त्वाची आहे. संघटनेने बर्नआउटला आजार म्हटलेले नाही, तर ‘कामाशी संबंधित घटना’ म्हटले आहे. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेला आणि नीट न हाताळला गेलेला ताण हे त्याचे कारण म्हणून सांगितले आहे. म्हणजे व्याख्येतच कामाची जागा आहे. ती वगळून केवळ व्यक्तीच्या स्वभावाकडे बोट दाखवले तर निदान अर्धवट राहते.

साधा थकवा आणि बर्नआउट यांत फरक काय?

साधा थकवा झोपेने जातो. सलग तीन नाइट झाल्यावर नाइट ऑफ मिळाला, घरी निवांत झोप झाली की माणूस ताजातवाना होतो. बर्नआउटमध्ये सुट्टी संपत आली की पुन्हा छातीवर दडपण येते. पूर्वी ज्या रुग्णाच्या नातेवाइकांना पाच मिनिटे थांबून समजावून सांगितले असते, त्यांचा प्रश्न ऐकताच चिडचिड होते. रुग्ण ‘आजोबा’ किंवा ‘ताई’ राहत नाहीत, ‘बेड नंबर बारा’ होतात. आणि हे आपल्याला जमत नाही, आपण या पेशासाठी नाहीच, असे वाटू लागते.

बर्नआउट आणि नैराश्य यांतही फरक आहे. बर्नआउटची सुरुवात कामापासून होते, तर नैराश्य आयुष्याच्या सर्व भागांना व्यापते. मात्र दुर्लक्षित बर्नआउट आणि नैराश्य यांची सरमिसळ होऊ शकते. उदासी आठवडेच्या आठवडे टिकत असेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यायला हवी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

परिचारिकेच्या कामात वेगळे काय असते?

डॉक्टर राउंड घेऊन पुढे जातात. नातेवाइक भेटीच्या वेळेत येतात. रुग्णाजवळ दिवसरात्र असते ती परिचारिका. इंजेक्शन, सलाइन, औषधांच्या वेळा, नाडी-रक्तदाबाच्या नोंदी, शस्त्रक्रियेची तयारी, ड्रेसिंग हे तिचे मूळ काम. त्याशिवाय इंडेंट भरणे, साठ्याची रजिस्टरे लिहिणे, तपासणीचे रिपोर्ट मागवणे, बिघडलेल्या यंत्रासाठी फोन करणे, मावशी किंवा वॉर्डबॉय नसतील तर स्ट्रेचर ढकलणे हीही कामे तिच्याकडे येतात. खासगी रुग्णालयांत मानांकनासाठीची कागदपत्रे आणि संगणकावरील नोंदींची भर पडते. एकच गोष्ट केसपेपरवर आणि संगणकावर अशी दोनदा लिहावी लागते.

यात भावनांचे श्रमही असतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये अशा श्रमांची सविस्तर मांडणी केली. त्यांचा अभ्यास प्रामुख्याने विमानातील सेविकांचा होता, पण तो परिचारिकांनाही लागू पडतो. एका खाटेवरचा रुग्ण दगावल्यावर पाचच मिनिटांत शेजारच्या खाटेजवळ शांत चेहऱ्याने जायचे, हे श्रम कोणत्याही तक्त्यात मोजले जात नाहीत.

तिसरी बाब नैतिक घुसमटीची. योग्य काय ते कळते, पण परिस्थितीमुळे ते करता येत नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचर्येच्या संदर्भात नाव दिले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे प्रत्येक परिचारिकेला पहिल्या वर्षापासून शिकवले जाते. पाळीवर दोघीच असतील तर ते होत नाही. जखम झाली की ती पाहणारी आणि ड्रेसिंग करणारीही तीच असते.

यावर घरचे काम वेगळे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७ मिनिटे. नाइट करून सकाळी घरी आलेल्या परिचारिकेसमोर डबे, शाळा आणि स्वयंपाक उभा असतो. तिची झोप दुपारी, तीही तुकड्यातुकड्यांत. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने रात्रपाळीच्या कामाचा समावेश २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केला. म्हणजे रात्रपाळीचा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही.

कागदावरचे १:३ वॉर्डात १:३० कसे होते?

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांतील सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी. इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक. शिवाय रजांसाठी ३० टक्के जादा पदे. हे वाचल्यावर एका परिचारिकेकडे तीनच रुग्ण असतात, असा समज होतो. पण हे प्रमाण एकूण पदांचे आहे. ती पदे तीन पाळ्यांत विभागली की प्रत्येक पाळीत एका परिचारिकेकडे नऊ खाटा येतात. निकष पूर्ण पाळला तरी प्रत्यक्ष प्रमाण १:९ असते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ४५ खाटांचा वॉर्ड आहे. १:३ प्रमाणे १५ परिचारिका आणि ३० टक्के राखीव धरून सुमारे २० पदे मंजूर असायला हवीत. प्रत्येक पाळीत पाच जणी म्हटले तर दिवसाला १५ आणि आठवड्याला १०५ ड्युट्या भरायच्या आहेत. एक परिचारिका आठवड्यात सहा ड्युट्या करते. म्हणजे कुणीही रजा घेतली नाही तरी साप्ताहिक सुट्टीपोटीच किमान १८ जणी लागतात. २० पदे ही चैन नव्हे, जेमतेम गरज आहे.

या २० पैकी पाच पदे रिक्त आहेत, असे समजू. उरल्या १५. त्यांतील एक प्रसूती रजेवर, एक आजारी, एक प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या विभागात. राहिल्या १२. त्यांच्या आठवड्याच्या ७२ ड्युट्या होतात. परिसेविका, म्हणजे इन्चार्ज सिस्टर, यांतून तक्ता बसवणार कसा? सकाळी चार, दुपारी चार, रात्री दोन. आठवड्याला ७० ड्युट्या. कुणाच्या घरी अचानक काही घडले तर हाताशी उरतात दोन.

इथपर्यंत मोजल्या त्या खाटा. सार्वजनिक रुग्णालयांत रुग्ण खाटांपेक्षा जास्त असतात. जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात. ४५ खाटांच्या वॉर्डात पावसाळ्यात ६० रुग्ण असतील तर दिवसा एका परिचारिकेकडे १५ आणि रात्री ३० रुग्ण येतात. अनेक रुग्णालयांत रात्रपाळी बारा तासांची असते. ७२० मिनिटे भागिले ३०, म्हणजे पूर्ण रात्रीत एका रुग्णाच्या वाट्याला २४ मिनिटे. औषधे, नोंदी, नवीन दाखले, रक्ताच्या पिशव्या, मृत्यूनंतरचे कागद हे सर्व त्या २४ मिनिटांत. एखादा रुग्ण अत्यवस्थ झाला आणि एक परिचारिका तासभर त्याच्यापाशी थांबली, तर दुसरीकडे उरतात ५९.

यात कुणाचा आळस किंवा मनाचा कमकुवतपणा कुठेही आलेला नाही. हा भागाकार आहे.

याचा रुग्णांवर परिणाम होतो का?

या प्रश्नावर सर्वाधिक चर्चिला गेलेला अभ्यास लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालये होती. शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या बाबतीत परिचारिकेकडील प्रत्येक जादा रुग्णामागे दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्याच प्रत्येक जादा रुग्णामागे परिचारिकेला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढली होती. चार रुग्णांऐवजी आठ रुग्ण असतील तर मृत्यूची शक्यता ३१ टक्क्यांनी वाढते, असा त्यातून हिशेब निघाला. युरोपातील नऊ देशांवर आधारित २०१४ च्या अभ्यासातही प्रत्येक जादा रुग्णामागे ७ टक्के हाच आकडा आला.

हे अभ्यास दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढे दाखवतात, केवळ त्यावरून कारण सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. जिथे परिचारिका कमी, तिथे इतर सोयीही कमी असू शकतात. मात्र पुढे काही ठिकाणी प्रमाण कायद्याने बदलले गेले आणि आधी-नंतरची तुलना शक्य झाली. त्याचे निष्कर्षही याच दिशेने गेले. त्यांचा उल्लेख पुढे येईल.

ताणाला तोंड देण्याच्या पद्धती कोणत्या?

रिचर्ड लॅझरस आणि सुसान फोकमन यांनी १९८४ मध्ये ताण हाताळण्याच्या पद्धतींचे दोन मुख्य प्रकार मांडले. पहिला, समस्येवर काम करणे. दुसरा, समस्येमुळे उठणाऱ्या भावनांवर काम करणे. नंतरच्या संशोधकांनी टाळण्याच्या पद्धतीचा स्वतंत्र विचार केला.

वॉर्डात हे तिन्ही प्रकार दिसतात. दोघी मिळून खाटा वाटून घेणे, औषधांचे ट्रे आधीच लावून ठेवणे, ड्युटी बदलून घेणे, कमतरता लेखी कळवणे, ही समस्येवरची कामे. ओव्हर देताना दोन मिनिटे मन मोकळे करणे, चेंजिंग रूममध्ये एकत्र डबा खाणे, लोकलच्या महिला डब्यातला ग्रुप, प्रार्थना, ध्यान, चालणे हे भावना सावरण्याचे मार्ग. यांत्रिकपणे काम उरकणे, रुग्णाशी नजर न मिळवणे, वारंवार आजारपणाची रजा टाकणे, झोपेच्या गोळ्या आणि शेवटी नोकरी सोडणे हे टाळण्याचे मार्ग. समस्येवर काम करणाऱ्या आणि सहकाऱ्यांचा आधार असणाऱ्या परिचारिकांमध्ये बर्नआउट कमी आणि टाळण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांमध्ये जास्त, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळते.

यावरून ‘परिचारिकांना योग्य पद्धत शिकवा’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण लॅझरस-फोकमन यांच्या मांडणीतच एक अट आहे. माणूस कोणती पद्धत निवडतो हे परिस्थिती आपल्या हातात आहे असे त्याला वाटते की नाही, यावर अवलंबून असते. जे बदलता येते तिथे समस्येवर काम केले जाते, जे बदलता येत नाही तिथे भावना सावरल्या जातात. चार वेळा लेखी कळवूनही रिक्त जागा भरली जात नसेल तर पाचव्यांदा लिहिणारी परिचारिका कमीच. ती मग सुन्न होऊन काम उरकू लागते. टाळण्याची ही सवय स्वभावातून आलेली नसते, तर अनुभवातून शिकलेली असते.

रुग्णालयाची व्यवस्थाही अशी टाळाटाळ शिकवू शकते. इझाबेल मेंझीस यांनी लंडनमधील एका रुग्णालयाच्या परिचर्या सेवेचा अभ्यास करून १९६० मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. कामाचे तुकडे पाडणे, रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा आजाराने ओळखणे, प्रत्येक गोष्ट ठरलेल्या साच्यात करायला लावणे, ही परिचारिकांना येणाऱ्या धास्तीपासून बचाव करण्याची संस्थेनेच घडवलेली रीत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याने धास्ती कमी झाली नाही, कामातले समाधान मात्र गेले. ‘बेड नंबर बारा’ ही भाषा म्हणूनच एखाद्या परिचारिकेच्या निष्ठुरतेचा पुरावा ठरत नाही.

मग शिबिरे आणि समुपदेशन निरुपयोगी आहेत का?

नाहीत. श्वासाचे व्यायाम, ध्यान, समुपदेशन यांनी झोप सुधारते, चिडचिड कमी होते. विशेषतः मृत्यू किंवा नातेवाइकांचा उद्रेक अशा प्रसंगानंतर बोलायला कुणी असणे फार मोलाचे असते. हे प्रसंग कितीही मनुष्यबळ दिले तरी टळणार नाहीत. म्हणून भावना सावरण्याचे कौशल्य परिचारिकेला हवेच.

अडचण होते ती हाच एकमेव उपाय ठरवला जातो तेव्हा. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार कामाची मागणी जास्त आणि कामावरचे नियंत्रण कमी, ही जोडी सर्वाधिक ताण देते. शिबिराने मागणी कमी होत नाही आणि नियंत्रणही वाढत नाही. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटची मुळे सहा ठिकाणी शोधायला सांगितली. कामाचा बोजा, नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्यांशी मेळ. या सहाही गोष्टी संस्थेच्या हातातील आहेत.

शिवाय शिबिरातून एक नकळत संदेश जातो. दोघींवर ६० रुग्ण सोपवून ‘सकारात्मक राहा’ असे सांगितले की न जमल्याचा दोष परिचारिकेकडे येतो. बर्नआउटचे तिसरे लक्षण, म्हणजे आपण अपुरे आहोत ही भावना, त्यामुळे वाढू शकते.

वेतन, कंत्राट आणि सुरक्षिततेचा संबंध काय?

खासगी रुग्णालयांतील वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने खाटांच्या संख्येनुसार शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन, १०० ते २०० खाटांसाठी त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्के कमी आणि ५० पेक्षा कमी खाटांसाठी किमान २० हजार रुपये. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. केरळमध्ये परिचारिकांच्या दीर्घ आंदोलनानंतर एप्रिल २०१८ मध्ये २० हजार रुपये किमान मूळ वेतनाची अधिसूचना निघाली.

कंत्राटी नेमणुकीचा ताणाशी थेट संबंध आहे. अकरा महिन्यांनी नूतनीकरण होणाऱ्या कर्मचाऱ्याला डबल ड्युटीला नाही म्हणता येत नाही, चूक कळवता येत नाही, गैरवर्तनाची तक्रार करता येत नाही. ‘समस्येवर काम करणे’ हा मार्गच तिच्यासाठी बंद होतो. संपात कायमस्वरूपी भरतीची मागणी अग्रस्थानी का असते, याचे उत्तर यात आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयाच्या आवारातच हल्ला झाला. मे २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत चार दशकांहून अधिक काळ त्यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी केली. त्या सेवेचे कौतुक सर्वोच्च न्यायालयानेही केले. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरोधात महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला. त्यात परिचारिकांचाही समावेश असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरीही हल्ल्याच्या बातम्या येत राहतात, कारण गर्दी आणि अपुरे मनुष्यबळ यांतून उडणारा भडका सर्वांत आधी वॉर्डात उपलब्ध असलेल्या व्यक्तीवर पडतो. ती बहुतेकदा परिचारिका असते.

परिचारिका निघून गेल्या तर?

मे २०२० मध्ये करोनाच्या साथीत कोलकात्यातील खासगी रुग्णालयांतून मणिपूर आणि इतर राज्यांच्या तीनशेहून अधिक परिचारिका नोकरी सोडून गावी परतल्या. साथीच्या ऐन काळात टाळ्या-थाळ्यांचा गजर झाला, पण तो त्यांना थांबवू शकला नाही. सरकारी आकड्यांनुसार देशात हजार लोकसंख्येमागे सुमारे दोन नोंदणीकृत परिचारिका आहेत, तर अपेक्षित मानले जाणारे प्रमाण तीनचे आहे. नोंदणीकृत परिचारिकांमध्ये परदेशी गेलेल्या आणि काम सोडलेल्याही असू शकतात.

महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. तरुणींना चांगली संधी मिळत असेल तर त्यात वावगे काही नाही. पण ज्या जर्मनीत त्या जाणार, तिथे ठरावीक विभागांमध्ये परिचारिकांची किमान संख्या २०१९ पासून नियमाने बंधनकारक आहे, याचीही नोंद घ्यायला हवी. वेतनाबरोबर कामाची स्थितीही माणसांना ओढून नेते.

इतर ठिकाणी काय केले गेले?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून तो लागू झाला. तिथे सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका आणि अतिदक्षता विभागात दोन रुग्णांमागे एक, हे प्रमाण प्रत्येक क्षणी पाळावे लागते. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. हे प्रमाण पाळीचे आहे, एकूण पदांचे नाही, हा फरक लक्षात घेण्याजोगा. २०१० मधील तुलनेत असे कायदे नसलेल्या दोन राज्यांपेक्षा कॅलिफोर्नियातील परिचारिकांमध्ये बर्नआउट कमी आढळला.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने जुलै २०१६ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत दिवसा १:४ आणि रात्री १:७ असे प्रमाण आणले. २७ रुग्णालयांत ते लागू झाले आणि २८ रुग्णालयांशी तुलना केली गेली. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार प्रमाण सुधारलेल्या रुग्णालयांत मृत्यू, पुन्हा दाखल होणे आणि मुक्कामाचे दिवस यांत घट झाली. जादा परिचारिकांवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून अधिक बचत झाली. ‘पैसे कुठून आणायचे’ या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे.

कॅलिफोर्नियाचे १:५ उद्या महाराष्ट्रात आणा, असे म्हणणे वास्तवाला धरून होणार नाही. प्रशिक्षित मनुष्यबळ आणि निधी दोन्हींची मर्यादा आहे. पण आपलाच १:९ हा पाळीचा निकष गाठण्याचे वेळापत्रक मागणे अवाजवी नाही.

महाराष्ट्रात काय करता येईल?

पहिले म्हणजे मोजमाप बदलावे. मंजूर पदे आणि खाटा यांचे प्रमाण सांगण्याऐवजी प्रत्येक पाळीत प्रत्यक्ष हजर परिचारिका आणि प्रत्यक्ष दाखल रुग्ण यांचे प्रमाण नोंदवावे. जमिनीवरचे रुग्णही त्यात धरावेत. हा आकडा वॉर्डाच्या दारावर फळ्यावर लिहावा. नातेवाइकांनाही कळेल की सिस्टर का येऊ शकत नाहीत.

दुसरे, रजांसाठीची ३० टक्के पदे प्रत्यक्षात भरावीत. प्रसूती रजा ही आकस्मिक घटना नाही. बहुसंख्य स्त्रिया असलेल्या सेवेत ती गृहीत धरूनच नियोजन करायला हवे. निवृत्तीच्या तारखा तर वर्षानुवर्षे आधी माहीत असतात. तरी पद रिकामे झाल्यावरच भरतीची फाइल हलते.

तिसरे, परिचर्येबाहेरची कामे काढून घ्यावीत. वॉर्डासाठी लिपिक नेमला आणि सहायक पुरेसे दिले तर नव्या परिचारिका न नेमताही आहे त्या परिचारिकांचा वेळ रुग्णासाठी मोकळा होईल.

चौथे, रात्रपाळीचे नियम कागदावर यावेत. सलग किती नाइट, त्यानंतर किती विश्रांती, डबल ड्युटीवर किती मर्यादा हे ठरावे. विश्रांतीची खोली, स्वच्छतागृह आणि रात्री-पहाटे ये-जा करण्याची सोय ही सुविधा मानू नये, ती कामाची अट मानावी.

पाचवे, बर्नआउट दरवर्षी मोजावा. नावे गुप्त ठेवून वॉर्डनिहाय मोजणी झाली तर कोणत्या परिचारिकेला ‘समस्या’ आहे याऐवजी कोणत्या वॉर्डात समस्या आहे हे दिसेल. एखाद्या वॉर्डात दहापैकी आठ जणी थकल्या असतील तर आठ जणींना समुपदेशनाला पाठवण्यापेक्षा त्या वॉर्डाचा तक्ता तपासणे अधिक शहाणपणाचे ठरेल. समुपदेशक मात्र रुग्णालयाच्या अधिकारांच्या उतरंडीबाहेरचा असावा. आपले बोलणे अधिसेविकांपर्यंत पोहोचेल, ही भीती असेल तर कुणी बोलणार नाही.

यांतील काही गोष्टींना मोठा निधी लागेल, काहींना फक्त फळा आणि खडू. शिबिरेही जरूर घ्यावीत. पण शिबिराची वेळ ड्युटीत धरली आहे का आणि त्या दोन तासांत वॉर्डात परिचारिकेच्या जागी कोण उभे आहे, हे आधी विचारावे. त्याचे उत्तर ज्या रुग्णालयाच्या तक्त्यात आधीच लिहिलेले असेल, तिथे ते शिबिर उपयोगी पडेल. बाकी ठिकाणी परिचारिका नाइट संपवून, झोप मोडून त्या सभागृहात बसलेली असेल.